आजीचा आवाज जपून ठेवताना



उन्हाळी वेळ चालू असताना इथे कॅलिफोर्नियात शनिवारी रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा तिकडे भारतात रविवार सकाळचे साडेआठ. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्याच सुमाराला झूमवर कुटुंबाचा कट्टा भरतो. आजी पाटवड्यांची कृती सांगते, आजोबा चाळीतल्या गणपतीच्या आठवणी काढतात. माणूस गेल्यावर फोटो पुष्कळ सापडतात. आवाज मात्र सापडत नाही. म्हणून आज बोलूया ही बोलणी नोंदवून नीट ठेवण्याबद्दल.

पहिली गोष्ट, विचारा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार खासगी संभाषण नोंदवायला त्यात असलेल्या सगळ्यांची संमती लागते. पण कायदा बाजूला ठेवला, तरी घरातल्या थोरांना विचारणं हे आपलं कामच. "आजी, नातवंडांसाठी हे ठेवू का?" एवढं पुरे. आणि तिने "हे नको घेऊस" म्हटलं, तर तेवढा भाग थांबवा. घरातली भांडणं, दुखणी, पैशांचे विषय नोंदवू नयेत हेच बरं.

आता तंत्राचं. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांची असते, आणि तिचं रेकॉर्डिंग तुमच्या कॉम्प्युटरवरच होतं. मोफत खात्यावर फोनवरून ते करता येत नाही. म्हणून त्या दिवशी लॅपटॉपवर बसा. सेटिंगमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाईलमध्ये घेण्याची सोय आहे, ती चालू करा. मग भाचरं मध्येच ओरडली तरी आजीचं बोलणं स्वच्छ मिळतं. बैठक संपल्यावर फाईल तयार व्हायला वेळ लागतो, तोवर लॅपटॉप लगेच बंद करू नका.

खरी गफलत होते ती यापुढे. फाईल 'झूम' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहते, आणि लॅपटॉप बदलला की तिच्याबरोबर आजीही जाते. तेव्हा त्याच रात्री फाईलला नाव द्या. आधी वर्ष, महिना, दिवस. मग कोण आणि कशाबद्दल. उदाहरणार्थ, '२०२५-०६-१४ आजी पाटवड्या'. अशी नावं दिली की फाईली आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्याला तो सोपा आहे. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक भारतात भावाकडे किंवा ऑनलाइन. गूगलची १५ जीबी मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, ती लवकर भरते. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणून सगळं आजोबांच्या एकाच खात्यावर ठेवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान होते. ती बघायला ठीक, जपायला नाही. मूळ फाईल ठेवा.

आणि वर्षातून एकदा, दिवाळीत फराळाला सगळे जमले की, एक फाईल उघडून मुलांना ऐकवा. फाईल चालते की नाही हेही कळेल, आणि आजी कशी बोलते तेही.

या शनिवारी एकच प्रश्न विचारून सुरुवात करा: "आजी, तुझं लहानपणीचं घर कसं होतं?" पुढचं ती सांगेल.