सोन्याची लाल खूण

पेणच्या गणपतींचे मुकुट सोनेरी असतात. पण खऱ्या सोन्याचे १३ नॅनोमीटरचे कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात! १९९६ साली अमेरिकेत चॅड मिर्किन यांच्या गटाने अशा कणांना डीएनएचे छोटे धागे जोडले. जुळणारा डीएनए भेटला, की कण एकमेकांजवळ येतात आणि लाल रंग जांभळा होतो.

पेण-रोह्याच्या भातखाचरांत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्तात या जंतूचा डीएनए असतो. प्रतिपिंडे मागाहून येतात. म्हणून अशी खूण मोलाची. मात्र तो डीएनए अत्यल्प असल्याने आधी यंत्राने त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. तेव्हा ताप अंगावर काढू नका. चिखलात उतरला होतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.