दुकान नसलेला दुकानदार



वसंत ऋतूतल्या संध्याकाळी विक्रीकराचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण ज्या अमेरिकेने घरबसल्या खरेदीची चटक जगाला लावली, तिथे या एका करापायी ५० वर्षे तंटा चालला होता. आणि त्यात मला कायद्यापेक्षा माणसाच्या स्वभावाचेच दर्शन अधिक घडते.

तिकडे विक्रीकर केंद्राचा नव्हे, राज्यांचा. दुकानदाराने तो गिऱ्हाइकाकडून घ्यावा आणि सरकारात भरावा, ही रीत. क्विल नावाची एक कंपनी कागद, लेखण्या वगैरे कचेरीचे सामान सूचीपत्रे धाडून विकी. नॉर्थ डाकोटा राज्यात तिचे दुकान नव्हते की विक्रेता नव्हता. गिऱ्हाइके मात्र सुमारे ३,००० आणि वर्षाची विक्री जवळजवळ १० लाख डॉलरांची! राज्याने कर मागितला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याचे राज्यात पाऊल नाही त्याच्यावर हे ओझे टाकता येणार नाही. १९६७ च्या एका खटल्यातही त्याने हेच म्हटले होते.

म्हणून कर माफ झाला काय? मुळीच नाही. तोच कर 'वापर कर' म्हणून गिऱ्हाइकाने स्वतः होऊन भरावा, असा कायदा होताच. आता सांगा, कोणी मागितल्यावाचून कर भरायला आपल्यापैकी कितीजण कचेरीची पायरी चढतील? कर बुडत राहिला. पेठेतल्या दुकानात जोडा पायात घालून पाहायचा आणि संगणकावरून तोच कराविना मागवायचा, हा गिऱ्हाइकाचा शहाणपणा ठरला. दिवाबत्ती लावून, नोकर ठेवून बसलेल्या दुकानदाराने तो मुकाट्याने पाहायचा!

साऊथ डाकोटात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. मोठी भिस्त विक्रीकरावर. त्या राज्याने २०१६ साली कायदा केला: वर्षाला १ लाख डॉलरांहून अधिक विक्री किंवा २०० व्यवहार झाले, तर दुकान असो वा नसो, कर गोळा करावा. वेफेअर ही घरसामान विकणारी कंपनी भांडत वरपर्यंत गेली. २१ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी जुना दंडक मोडला. निकालपत्र न्यायमूर्ती केनेडी यांचे. असा बदल करणे हे संसदेचे काम, असे मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांचे विरोधी मत पडले. मला बहुमताचा निर्णय न्याय्य वाटतो. पण २०० व्यवहारांची अट मात्र जाचकच. दोन-दोन डॉलरांना आपली गाणी विकणारा गवई ४०० डॉलरांतच तिच्यात सापडावा! ती अट साऊथ डाकोटाने २०२३ साली काढून टाकली.

गाण्यावरून आठवले. तारेवरून उतरवून घेतलेले गाणे किंवा पुस्तक ही वस्तू आहे काय? कॅलिफोर्निया म्हणते, हाताला लागत नाही ती वस्तू नव्हे. म्हणून विक्रीकर नाही. त्याच किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात मात्र २००९ पासून कर आहे.

आपण हसतो खरे, पण आपल्याकडे काय आहे? छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. तेच पुस्तक पडद्यावर वाचायला घेतले तर पूर्वी १८ टक्के. जुलै २०१८ मध्ये ते ५ झाले, तेही छापील आवृत्ती असेल तरच. नजर अधू झाल्याने पडद्यावर अक्षरे मोठी करून वाचणाऱ्या वृद्धाने जास्त पैसे मोजावेत, हे मला पटत नाही. सभेत काही करसल्लागार मंडळी दिसतात. त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी सरकारची बाजू जरूर मांडावी.