अर्थनीती आणि मतपेटी
(बडोदे येथे अलकापुरीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थनीती हा विषय रुक्ष, तो पंडितांनी चघळावा, असा आपल्याकडे एक समज आहे. परंतु ज्या अलकापुरीत आपण आज जमलो आहो, तेथील मुख्य रस्ता रमेशचंद्र दत्त यांच्या नावाचा आहे, आणि या विषयाचा पहिला धडा तेथेच मिळतो. सनदी नोकरीतून १८९७ साली बाहेर पडलेले दत्त १८९९ च्या लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी लॉर्ड कर्झन यांना खुली पत्रे लिहून त्यांनी सरकारला सुनावले, की दुष्काळाचे सारे खापर पावसावर फोडता येणार नाही. जड शेतसाऱ्यामुळे रयतेच्या गाठी काहीच शिल्लक राहत नाही, आणि म्हणून नापिकीचे एक वर्षही तिला काळासारखे भासते. हाच पुरुष १९०४ साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यास आणून त्याच्या हाती महसुलाचा कारभार दिला. १९०९ साली ते येथे दिवाण झाले आणि त्याच वर्षी येथेच वारले. दारिद्र्य हे दैव नसून पुष्कळदा धोरणाचे फळ असते, हा विचार मांडणाऱ्याला प्रत्यक्ष राज्यकारभार करावयास मिळाला, तो या नगरीत.

त्या काळच्या बडोद्याने दूरदृष्टीची पेरणी केली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू झाला. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. शाळेत गेलेला मुलगा कमावता होण्यास पंधरा वर्षे लागतात आणि पेढीचा वटवृक्ष होण्यास त्याहून अधिक. महाराजांना निवडणूक लढवावयाची नव्हती, म्हणून त्यांना थांबता आले. पण येथे दुसरी बाजूही विसरू नये. त्यांच्या आधीचे मल्हारराव यांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी झाल्या, चौकशी झाली, आणि १८७५ साली त्यांना गादीवरून दूर केले ते इंग्रज सरकारने. रयतेच्या हाती तसे कोणतेच साधन नव्हते. चांगला राजा मिळणे हा भाग्याचा भाग. वाईट राज्यकर्ता घालविण्याचा अधिकार मात्र आपल्याला मतपेटीनेच दिला.

तो अधिकार गुजरातच्या जनतेने कसा वापरला, ते पाहा. १९७२ चा दुष्काळ झाला होता. १९७३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. परिणामी बाजारात गहू येण्याऐवजी तो दडून बसला. त्याच वर्षाच्या अखेरीस खनिज तेलाचे भाव भडकले. अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीचे दर वाढले आणि विद्यार्थ्यांचा संताप उसळला. त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले, १९७४ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला, आणि १९७५ च्या जूनमधील निवडणुकीनंतर बाबूभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली जनता मोर्चाचे सरकार आले. ज्या सत्तारूढ पक्षाने १९६९ साली बँका राष्ट्रीय केल्या आणि १९७१ साली गरिबी हटविण्याच्या घोषणेवर लोकसभा जिंकली, त्याच पक्षाला चार वर्षांत ताटातल्या भाकरीने जाब विचारला!

मग राष्ट्राचे उत्पन्न वाढले म्हणजे मते वाढतात काय? तसेही नाही. २००३-०४ साली देशाच्या उत्पन्नाची वाढ आठ टक्क्यांच्या घरात होती. भारत झळकतो आहे, असा गाजावाजा झाला. आणि २००४ साली सत्तारूढ आघाडी हरली. पराभवाला अनेक कारणे असतात हे खरे. परंतु ज्याच्या विहिरीला पाणी नाही, त्याला सरासरीचा आकडा दाखवून काय उपयोग?

आपल्या महाराष्ट्रातील ताजे उदाहरण कांद्याचे. शहरात भाव चढू नयेत म्हणून ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली. ती बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही चाळीस टक्के निर्यातशुल्क ठेवून. त्याच महिन्यात मतदान झाले आणि कांदा पिकविणाऱ्या दिंडोरीत केंद्रातील राज्यमंत्री पराभूत झाल्या. शहरी गिऱ्हाइकाचा दिलासा शेतकऱ्याच्या खिशातून काढला, की त्याची वसुली मतपेटीत होते. त्याच साली पुढे राज्य सरकारने 'लाडकी बहीण' योजनेतून महिलांना दरमहा दीड हजार रुपये देण्यास आरंभ केला. लोकसभेच्या अठ्ठेचाळीसपैकी सतराच जागा मिळविणाऱ्या आघाडीने नोव्हेंबरात विधानसभेच्या दोनशेंहून अधिक जागा जिंकल्या. एका योजनेनेच हे घडले, असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या भगिनीच्या हाती स्वतःचे असे चार पैसे कधी नव्हते, तिने त्यांची आठवण ठेवली, तर तिला कोण दोष देईल?

तथापि, बंधुभगिनींनो, खरा धोका येथेच आहे. रोख रक्कम मतदानाआधी हाती पडते. शाळा, कालवा, कारखाना यांचे फळ मतदानानंतर कितीतरी वर्षांनी. निवडणूक पाच वर्षांनी येते, आणि म्हणून राज्यकर्त्याला पहिल्याचा मोह अधिक. हा मोह आवरणे त्याच्या सद्बुद्धीवर सोडून चालणार नाही. मतदारानेच त्याला आवर घातला पाहिजे. दाराशी येणाऱ्या उमेदवाराला तीन गोष्टी विचारा. या धोरणाने माझ्या घरातील जिनसांचे भाव काय होतील? वाढलेल्या उत्पन्नात माझ्या गावाचा वाटा किती? आणि आज वाटलेल्या पैशांची भरपाई उद्या कोण करणार? जो भाव सांगेल, वाटा सांगेल आणि भरपाईही सांगेल, त्याच्या पक्षाचा विचार करा. जो केवळ रक्कम सांगेल, त्याला पुन्हा विचारा. हा प्रश्न बडोद्याच्या कारखान्यातील कामगाराचा आहे, तितकाच लहान गावच्या दुकानदाराचाही आहे.