सहा रेघांचा कित्ता
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माझं अक्षर कसं होतं, हे तुमच्यापैकी निम्म्यांना आठवत असेल. मराठीचे सर वही लांब धरून म्हणायचे, "हे कोंबडीनं लिहिलंय का?" तोच मी आज तुम्हाला एका अक्षराबद्दल सांगणार आहे, तेही चिनी.

यंत्रमागाचे सुटे भाग आणण्यासाठी मी बरीच वर्षं चीनला जातो. कामापुरतं चिनी बोलायला शिकलो. आपल्याला एक फायदा आहे. 'क' आणि 'ख', 'त' आणि 'थ' यांतला फरक त्यांच्या भाषेतही महत्त्वाचा, आणि तो आपल्या कानाला उपजत कळतो. अडतं ते सुरांपाशी. लिहिणं मात्र मी शिकलोच नाही. मोबाइलवर उच्चार टाकायचा, अक्षरांची रांग येते, त्यातलं बरोबर ते निवडायचं. मला वाटायचं, आपल्याला लिहिता येतं.

२०१२ साली कामानिमित्त शिजियाझुआंगला गेलो. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी एकच अक्षर आहे : 'ह्वा', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'ख-ती-ह्वा'. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले.

समाधीला नमस्कार केला. अभिप्रायाची वही समोर आली. म्हटलं, निदान त्यांचं नाव तरी चिनीत लिहू. पेन उचललं आणि हात थांबला. जे अक्षर रोज पाटीवर, खोक्यावर वाचत होतो, ते हातातून उतरेना. शेवटी मोबाइलवर बघून कसंबसं उमटवलं. बरोबर आलेल्या कारखान्यातल्या हिशेबनीस बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही काढलंत, लिहिलं नाहीत."

मी खालची फुली आधी काढली होती आणि वरचा भाग नंतर बसवला होता. लाज वाटली. आपल्याच गावच्या माणसाचं नाव, आणि मी ते चित्रासारखं उतरवत होतो.

त्याच बाईंनी मला चौकोनांची वही आणून दिली. प्रत्येक चौकोनात मधोमध एक उभी, एक आडवी तुटक रेघ. अक्षराचा कुठला भाग कुठे बसतो ते कळावं म्हणून. 'ह्वा'च्या रेघा सहा. (फळ्यावर लिहून दाखवले.) डावीकडे झुकणारी एक तिरपी, तिच्याखाली एक उभी : हा झाला माणूस. त्याच्या उजवीकडे पुन्हा एक तिरपी, मग खाली येऊन उजवीकडे वळणारी आणि टोकाला वर आकडा घेणारी. या चार रेघा अक्षराचा उच्चार सुचवतात. खाली आडवी, आणि शेवटी उभी. आडवी आधी, उभी नंतर. हा क्रम मोडायचा नाही. कोटणीसांच्या काळी हे अक्षर याहून बरंच किचकट होतं. अक्षरं सोपी करण्याची योजना चीनने १९५६ साली आणली.

रात्री हॉटेलात बसून मी पानं भरायचो. पन्नाशीला टेकलेला माणूस, कित्ता गिरवतोय! आठवड्यानं डोळ्यांना विचारायची गरज उरली नाही; हातच पुढे जायला लागला.

मग ते वापरायलाही शिकलो. चिनीत एकाच उच्चाराची अनेक अक्षरं, म्हणून नाव सांगितलं की लोक विचारतात, "कुठला ह्वा?" उत्तर द्यायचं, "चुंगह्वामधला ह्वा." 'चुंगह्वा' म्हणजे चीन. हेच अक्षर आडनाव म्हणून आलं की सूर बदलतो. त्यांचे प्राचीन वैद्य ह्वा थुओ यांचं आडनाव तेच. एक अक्षर, दोन सूर, आणि दोन्हीकडे डॉक्टर! मला हे फार आवडलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा समाधीवर गेलो. या वेळी मोबाइल खिशातच राहिला. तीन अक्षरं सावकाश लिहिली. कोटणीसांच्या मुलाचं नाव 'इन-ह्वा'. 'इन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा तो काही महिन्यांचा होता. हे नाव मला ठाऊक होतं, पण त्याच्या शेवटच्या सहा रेघा स्वतः लिहिल्या तेव्हा ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय असेल, ते आत पोचलं.

त्या दिवशी आठवण आली ती पहिलीच्या बाईंची. माझं मनगट धरून त्यांनी पाटीवर 'अ' गिरवून घेतला होता, किती वेळा ते त्यांनाच ठाऊक. मी रडलो होतो, पाटी आपटली होती. आज त्या आपल्यात नाहीत. तेव्हा म्हणायचं राहून गेलं, ते इथे म्हणतो : बाई, माझा हात धरलात, तो अजून उपयोगी पडतोय.