प्रतिकृतीचे मोल



1977 साली ‘स्टार वॉर्स’ हा विज्ञानकथेवरचा अमेरिकन चित्रपट पडद्यावर आला. त्यातील नायकाच्या हाती प्रकाशाचे पाते असलेली एक तलवार आहे. तिची मूठ कशाची करावी, हा प्रश्न पडला तेव्हा चित्रपटाची सजावट पाहणारे रॉजर ख्रिश्चन ह्यांनी लंडनच्या एका कॅमेऱ्यांच्या दुकानात पडून असलेल्या, ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशच्या दांड्या उचलल्या आणि त्यांवर पट्ट्या चिकटवून वेळ निभावून नेली. वस्तू अडगळीतली होती. पुढे हौशी मंडळी तशाच दांड्या शोधीत फिरू लागली आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी टाकून दिलेल्या ह्या नळकांड्यांना दुर्मिळ वस्तूंचा भाव आला. 2025 साली तर ह्याच चित्रमालिकेतील खलनायकाची, चित्रीकरणात वापरलेली तलवार लिलावात 36 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली.

अस्सल वस्तू अशी आवाक्याबाहेर गेली की प्रतिकृतीला गिऱ्हाईक मिळते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 2019 साली अशी तलवार स्वतः जुळवून घेण्याची सोय झाली, तेव्हा तिची किंमत 200 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 14,000 रुपये होती. पुढे ती अडीचशे डॉलरपर्यंत चढली, तरी मागणी राहिली. ह्या किमतीत धातूचा आणि मजुरीचा वाटा किती, हे कोणीही लेथवर काम करणारा कारागीर मूठ हातात घेऊन सांगू शकेल. उरलेली रक्कम कथेची असते. परवाना घेणारा कारखानदार मालकाला विक्रीवर टक्केवारी देतो आणि बहुधा माल खपो वा न खपो, एक किमान रक्कमही कबूल करतो. ती वसूल करण्यासाठी मग ‘एवढेच नग काढू’ असे जाहीर होते, प्रत्येक नगावर क्रमांक पडतो, सोबत प्रमाणपत्र येते. टंचाई निसर्गाने आणलेली नसते. ती कागदावर ठरवलेली असते.

परंतु हा हक्क तरी किती भक्कम? अँड्र्यू एन्सवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने 1976 साली त्याच चित्रपटातील सैनिकांची शिरस्त्राणे तयार केली होती. 2004 साली त्याने आपल्या जुन्या साच्यांतून नवी काढून विकावयास आरंभ केला. अमेरिकेतील न्यायालयाने तो गैरहजर असताना त्याच्यावर दोन कोटी डॉलरांचा हुकूमनामा दिला. त्याची तेथील विक्री मात्र फार झाली तर 30,000 डॉलरांची होती! इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली वेगळाच निर्णय दिला. हे शिरस्त्राण शिल्प नव्हे, चित्रीकरणाच्या उपयोगाची वस्तू आहे. तेव्हा शिल्पकृतीला मिळणारे दीर्घ संरक्षण तिला नाही. त्याच वेळी, अमेरिकन हक्कांचा भंग झाल्याचा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असेही ठरले. एकच वस्तू समुद्राच्या एका काठावर निर्वेध, दुसऱ्या काठावर गुन्हेगार.

आपल्या देशाचा कायदाही पाहण्यासारखा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोंदणीस पात्र असूनही नोंदणी न केलेले डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने 50 हून अधिक वेळा औद्योगिक रीतीने वस्तूवर उतरवले गेले की त्यावरील कॉपीराइट संपतो. नोंदणी केली तर दहा आणि वाढवून पाच, अशी पंधरा वर्षे मिळतात. नाव आणि बोधचिन्ह ह्यांचे हक्क निराळे; ते इतक्या सहजी सुटत नाहीत. म्हणून आकार मोकळा असला तरी नाव बांधलेले असते, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते मुख्यतः नावासाठी.

करजणसारख्या गावातला एखादा नोकरदार तरुण दोन महिन्यांचा पगार साठवून असा नग परदेशातून मागवतो, तेव्हा घरच्यांची समजूत तो ‘पुढे किंमत वाढेल’ म्हणून घालतो. मला ही समजूत धोक्याची वाटते. खेळणी म्हणून येणाऱ्या मालावरची मूळ जकात 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 साली 70 टक्के झाली. ही भर पुढचा गिऱ्हाईक भरून देईलच असे नाही. आणि कारखानदाराने उद्या नवी आवृत्ती काढली तर क्रमांकाची अपूर्वाई तेथेच ओसरते. आवडली म्हणून घ्यावी, ह्यात गैर काहीच नाही. ठेव म्हणून मात्र बँक बरी.

ह्याच्या अगदी उलट व्यवहार बडोद्याला जवळचा आहे. राजा रविवर्म्याने सयाजीरावांसाठी काढलेली पौराणिक चित्रे राजवाड्यात राहिली. बडोद्याचे दिवाणपद भूषवलेले सर टी. माधवराव ह्यांनी मात्र त्याला निवडक चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढण्याचे सुचवले होते. 1894 साली मुंबईत छापखाना निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रती मालकाच्याच संमतीच्या, पण क्रमांक नाही की टंचाई नाही. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर भिंतीवर आल्या. धंदा मात्र कर्जात बुडाला आणि छापखाना फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. स्वस्ताईने चित्रे पसरली, चित्रकाराची तिजोरी भरली नाही, हेही खरेच.

आता थोडे करजणविषयी. येथून, म्हणजे मियागामहून डभोईपर्यंत 1862 साली गायकवाडांनी अडीच फुटी रूळ टाकले आणि त्यांवरून बैलांनी गाडी ओढली. हिंदुस्थानातील अरुंद रुळांची ती पहिली आगगाडी. तिला आग मात्र नव्हती! तिची हातभर लांबीची प्रतिकृती करावयास परवाना नको, टक्केवारी नको, प्रमाणपत्र नको. चांगल्या सुताराला ती आठवड्याभरात साधेल. अजून कोणत्याही दुकानात ती मला दिसलेली नाही. त्या बैलांच्या गाडीवर कोणी चित्रपट काढलेला नाही.