तळघरांतला घोष

सांडपाणी म्हटलें कीं नाकाला पदर लावावयाचा, एवढीच सुशिक्षित कुटुंबाची त्याच्याशीं ओळख असे. आतां मोठ्या शहरांत कित्येक गृहसंकुलांच्या तळघरांतच तें शुद्ध होऊं लागलें आणि तक्रार नाकावरून कानावर आली.

ह्या शुद्धीकरणाची रूढ रीत १९१४ सालची. मैलापाण्यांत सतत हवा सोडली आणि खालीं बसलेला गाळ पुन्हां पुन्हां वापरला, तर त्यांतील जंतूच घाण खाऊन पाणी स्वच्छ करितात, हें मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट ह्यांनीं दाखवून दिलें. हे जंतु रात्रीं निजत नाहींत. हवा फार वेळ बंद राहिली तर ते गुदमरतात आणि दुर्गंधी सुटते. म्हणून ‘रात्रीं यंत्र बंद ठेवा’ हा उपाय म्हणजे कानाचें दुखणें नाकावर ढकलणें होय.

मग आवाज येतो कोठून? हवा फुंकणाऱ्या ब्लोअरमध्यें पुष्कळदां दोन-दोन पाकळ्यांचीं दोन चक्रें फिरतात. दर फेऱ्यास हवेचे चार दणके निघतात. मिनिटास १५०० फेरे झाले तर सेकंदास १०० दणके. हाच तो घुमणारा खर्ज. तो साध्या भिंतीला जुमानत नाहीं.

उपाय मुळापासून करावा. तीन पाकळ्यांचें व सावकाश फिरणारें यंत्र निवडावें. हवा जेथून आंत येते व बाहेर पडते, त्या दोन्ही तोंडांशीं सायलेन्सर बसवावे. नळ भिंतीला न आवळतां मध्यें रबराचा लवचिक जोड घालावा आणि यंत्र पोलादी स्प्रिंगांवर ठेवावें. स्प्रिंग मात्र पुरेशी मऊ हवी. झोक्याला त्याच्या तालावर धक्का दिला कीं तो चढत जातो. तसेच यंत्राचा व स्प्रिंगचा ताल जुळले तर हादरा उलट वाढतो. यंत्राचा ताल निदान तिप्पट असावा, हा जाणत्यांचा दंडक आहे.

इतकें झाल्यावरच अस्तर लावलेली पेटी. ती आधीं केली तर हादरा खांबांवाटे चौथ्या मजल्यापर्यंत चढतोच. यंत्र तापतें, म्हणून पेटीला वायुवीजनही हवें.

२००० सालच्या नियमांनीं वस्तींत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. त्यांचा आधार घेऊन रहिवासी तक्रार करूं शकतो. यंत्राजवळ पाळीवर बसणारा कामगार बहुधा करीत नाहीं. खर्चाचा हिशेब मांडतांना त्याचेही कान मोजावे.