शिवसागराकाठचे चढ

तळ्याकाठचा रस्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट रस्ता येतो. पाणी सपाट, म्हणजे काठही सपाट असणार, असा आपला भाबडा हिशेब. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयाकाठी, म्हणजे शिवसागराकाठी, सायकल घेऊन गेलात तर पहिल्याच सकाळी हा हिशेब चुकतो. पाण्याकडे निघालं की उतार, पाणी सोडलं की चढ, आणि पाण्याच्या बाजूबाजूने निघालं तर दोन्ही. पाय भरून आले की माणूस रस्ता आखणाऱ्याला नावं ठेवतो. पण त्याचा दोष नाही. सोपा रस्ता होता तो पाण्याखाली गेला आहे.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या रांगेला समांतर, दोन डोंगरओळींच्या मधून सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकपाशी ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या वरच्या अंगाला, कोयनानगरला, १९६०च्या दशकात १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि मागे जवळजवळ पन्नास किलोमीटर लांब पाणी तुंबलं. खोऱ्यात जी काही सपाटी होती ती नदीकाठीच होती. भातखाचरं तिथे, गावं तिथे, गावागावांना जोडणाऱ्या वाटाही तिथेच. ते सगळं बुडालं. काही गावं डोंगराच्या अंगावर वर सरकली, काही माणसं पार सोलापूर, रायगड, ठाण्याकडे पाठवली गेली. पुनर्वसनाची त्यांची गाऱ्हाणी पुढच्या पिढ्यांपर्यंत चालू राहिली. उरलेल्यांसाठी जे रस्ते झाले ते डोंगरउतारावरून. प्रत्येक सोंडेला वळसा किंवा चढ, प्रत्येक ओढ्यापाशी उतार. मोटारीत बसलेल्याला ही नुसती वळणं वाटतात. सायकलवर मात्र प्रत्येक सोंड वेगळी मोजावी लागते.

वाट सांगतो. निघायचं साताऱ्यातून. शहर सोडलं की यवतेश्वराचा घाट सुरू होतो. सातारा सातशे मीटरच्या आसपास, कासचं पठार बाराशेच्या आसपास. म्हणजे पहिल्या पंचवीस किलोमीटरांत पाचशे मीटर चढायचं. पण हा चढ एकसारखा नाही, आणि त्यातच त्याची मजा आहे. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. सबंध डोंगर म्हणजे एक अवाढव्य जिनाच. म्हणून घाटात आधी अंगावर येणारी वळणं लागतात, दम लागतो, आणि मग अचानक रस्ता कूस बदलून निवांत चालायला लागतो. हे ठाऊक असलं की माणूस चढावर घाई करत नाही. सगळ्यांत हलका गिअर टाकायचा, खोगिरावर बसून राहायचं, पाय फिरत ठेवायचे. पायरी येतेच.

सर्वांत वरच्या पायरीला इकडे सडा म्हणतात. जांभ्याचा खडक आणि त्यावर बोटभर माती. कासचा सडा २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. पावसाळा सरता सरता सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, चवर यांनी तो भरून जातो. मात्र माझं ऐकाल तर सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी सायकल घेऊन इथे येऊ नका. मोटारींची रीघ, हॉर्न, धूर. चढावर फुललेल्या छातीत तो धूर जातो. आठवड्याच्या मधल्या वारी यावं, नाहीतर सरळ नोव्हेंबर-डिसेंबरात. तेव्हा फुलं नसतात, पण हवा धुतल्यासारखी असते आणि जलाशय काठोकाठ भरलेला. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि काठाला उघड्या मातीचा रुंद पट्टा पडतो. भर पावसाळ्याचा तर विचारच नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, घाटात दरडी येतात, आणि धुक्यात पुढचं चाक दिसलं तरी नशीब.

पठाराच्या पुढे कासचा तलाव. साताऱ्याच्या बऱ्याच भागाला पाणी इथूनच जातं, तेही उताराने. तुम्ही घाम गाळून जेवढं चढलात, तेवढं ते पाणी काही कष्ट न करता उतरतं. तलाव सोडला की बामणोलीचा उतार, आणि एका वळणावर शिवसागर पहिल्यांदा दिसतो. एकच तळं दिसत नाही. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेले पाण्याचे फाटे दिसतात. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी इथे पाण्याने एकमेकांना जोडली गेली आहेत. पाहायचं तर थांबून पाहा. सामान लादलेली सायकल उतारावर दुप्पट ओढ घेते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब दगा देते. पुढचा-मागचा आळीपाळीने, दाबून-सोडून वापरायचा. जादा ट्यूब, ब्रेकची वायर, चेन जोडायचं अवजार साताऱ्यातूनच बरोबर घ्यावं. पुढे मिळेल याचा भरवसा नाही.

बामणोलीच्या समोरच्या काठावर दिसतं ते खरं रान. जावळीचं जंगल ते हेच. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हा या झाडीत शिरणं हीच मोठी अडचण होती. आज पलीकडचा काठ कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिकडे सायकल न्यायची नाही. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर सायकल बामणोलीत ठेवावी, वनखात्याची परवानगी घ्यावी, लाँचने पलीकडे जाऊन पायी चढावं. आपली वाट अलीकडच्या काठाची. इथेही दाट झाडी आहे, शेकरूची घरटी आहेत, करवंदीच्या जाळ्या आहेत. आणि इथे माणसं राहतात, ही माझ्या दृष्टीने अधिक जमेची बाजू.

बामणोलीहून तापोळ्याला रस्त्याने जा किंवा लाँचवाल्याशी बोलून सायकल लाँचवर चढवा. सायकलस्वाराने पाण्यावरून जाणं म्हणजे फसवणूक, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. रस्ते वळशाचे झाल्यापासून इथली माणसं पाण्यानेच ये-जा करत आली आहेत. तेव्हा लाँच हीच इथली खरी एसटी. आणि पाण्याच्या मध्यावरून दोन्ही काठांचे चढ जसे उलगडून दिसतात तसे रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत.

तापोळ्याला पाट्यापाट्यांवर ‘मिनी काश्मीर’ लिहिलेलं आढळेल. तिकडे लक्ष देऊ नका, विश्रांती घ्या, कारण यापुढे या फेरीतला सगळ्यांत मोठा चढ आहे. जलाशय साडेसहाशे मीटरच्या जवळपास, महाबळेश्वर साडेतेराशे. सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांत सातशे मीटर. पहाटे निघावं. इथे पुन्हा तोच जिना. जसजसं वर जावं तसतसं पाणी खाली अरुंद होत जातं आणि गवताळ उताराची जागा जांभूळ, हिरडा, अंजनीची गर्द झाडी घेते. सावली मिळाली की समजा, माथा जवळ आला. महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्याला आणि तिथून साताऱ्याला परतायचं. हा बहुतेक उतार. वाटेत वेण्णा नदीवरच्या कण्हेर धरणाचं पाणी दिसतं. चांगलं आहे, पण शिवसागर पाहून आलेल्याला ते किरकोळ वाटतं, त्याला इलाज नाही.

ही सबंध फेरी तीन दिवसांत आरामात होते. एका दिवसातही करणारे आहेत. त्यांच्या मांड्यांना माझा नमस्कार. पण त्यांनी पाणी कधी पाहिलं असेल, हा प्रश्न राहतोच.

शेवटी थोडं कामाचं. या खोऱ्यातली तरणी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, माथाडी कामाला जात आली. गावात घरं आहेत, पण हाताशी माणसं थोडी. तेव्हा भर दुपारी एखाद्या दारात जाऊन लगेच जेवण मागू नका. आदल्या दिवशी सांगून ठेवा, किती माणसं ते सांगा, आणि सांगितलं तर जेवायला जाच. भाकरी, पिठलं, मिळाले तर जलाशयातले मासे. पैसे देताना घासाघीस करू नका. बाटल्या आणि वेष्टनं परत साताऱ्याला आणा. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा, कारण संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. गवा समोर उभा दिसला तर घंटी वाजवू नका, मोबाइल काढू नका. तो बाजूला होईपर्यंत लांब थांबून राहा.